तोंडाएवढी जागा

कस्तुराबाईच्या हारात बोट शिरत नाही, हे सात रस्ता चौकातल्या कुठल्याही गिऱ्हाईकाला विचारा. लग्नाचा हार असो, सत्काराचा असो की दुकानातल्या लक्ष्मीच्या तसबिरीचा असो. दोन फुलांच्या मध्ये करंगळी घालून बघावी आणि शिरली तर हार फुकट न्यावा, हा तिचा पंचवीस वर्षांचा शब्द. शब्द खरं तर तिचा नव्हे, सासूचा. मंद्रूपच्या आठवडी बाजारात पोत्यावर बसून सासूनं तिला ओवायला शिकवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हारात भोक दिसलं की समजायचं, ओवणारीनं चोरी केली." तेव्हापासून कस्तुराबाईला भोक म्हणून खपत नाही. गोधडी उसवली तर शिवल्याशिवाय ती आडवी होत नाही. भिंतीतला खिळा निघाला तर तिथं ओला साबण चेपून जागा बुजवते. शेजारी नारळ-उदबत्ती विकणारी नागम्मा अक्कलकोटकडची, तिचं मराठी कानडीच्या वळणावर चालतं. ती म्हणते, "अक्का, तुला वर सोडलं तर तू चांदण्याबी जवळजवळ ओवशील बघ."

अशा बाईच्या पोटी पोरगी यावी ती कशी, तर जिचा सगळा कारभारच मोकळ्या जागेचा.

राजनंदिनी चित्रकला शिकायला पुण्याला गेली आणि तिथं एका म्हाताऱ्या बाईंकडं इकेबाना शिकली. इकेबाना म्हणजे जपानी लोकांची फुलं मांडायची रीत. तीन काड्या, एखादं फूल, आणि बाकी सगळं मोकळं. पुढं ती फुलदाणी सोडून मोठमोठ्या गोष्टींकडं वळली. लोखंडी पत्रे, पाणी, वाळक्या फांद्या, पांढरं कापड घेऊन खोलीच्या खोली भरेल अशी मांडणी करायची, पण त्यातही इकेबानाचीच चाल. लोक तिकीट काढून बघायला येत. एकदा पेपरात फोटो आला, तो ऋतुराजनं आईला आणून दाखवला. कस्तुराबाईनं पेपर लांब धरून नीट बघितला आणि विचारलं, "एवढी थोरली परात, आन काड्या तीनच? फुलं संपली व्हती का काय?" ऋतुराज पोट धरून हसला होता. तो राजनंदिनीचा धाकटा भाऊ. हसला की त्याचे डोळे पार मिटून जायचे.

हे सगळं ऋतुराज होता तेव्हाचं. तो गेल्याला तीन वर्षं झाली, आणि राजनंदिनी आईशी बोलेनाशी झाली त्यालाही तीनच वर्षं झाली.

मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे फुलवाल्यांची सुगी. तशा एका गुरुवारी पहाटे कस्तुराबाईनंच ऋतुराजला उठवून मंद्रूपला पाठवलं होतं, रेवणसिद्धच्या मळ्यातून शेवंतीचं पोतं आणायला. येताना तेरा मैल नावाच्या फाट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागं दिवा नाही. ऋतुराजची गाडी सरळ तिच्यात गेली. उसाची टोकं बाहेर आलेली असतात, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

दवाखान्यातल्या माणसानं पांढऱ्या कापडात गुंडाळून दिलं आणि सांगितलं, "मावशी, तोंडाकडचं सोडू नका." तिनं सोडलं. आईच ती, कुणाचं ऐकणार? जिथं ऋतुराजचं तोंड असायला पाहिजे होतं तिथं तोंड नव्हतं. यापेक्षा जास्त तिनं कधी स्वतःलाही सांगितलेलं नाही. तिनं कापड पुन्हा बांधलं, घट्ट, आणि घरी आल्यावर पोलिसांनी आणून टाकलेलं शेवंतीचं पोतं उघडलं. त्या पोत्यातल्या एका फुलालाही धक्का लागलेला नव्हता. ती ओवायला बसली. बाया रडत होत्या, ही ओवत होती. खांद्यापासून टाळूपर्यंत तिनं फुलांचा असा थर रचला की कापडसुद्धा दिसू नये.

दुपारी राजनंदिनी पुण्याहून पोचली. चप्पल पायात तशीच ठेवून ती तिरडीजवळ आली आणि म्हणाली, "मला तोंड बघू दे."

"एकदा हार चढला की उतरवत न्हाईत," कस्तुराबाई म्हणाली. "रीत न्हाय."

"कुठली रीत? कुणाची?"

"आपली."

अशी रीत कुठंही नाही. कस्तुराबाईनं ती जागच्या जागी तयार केली. खरं सांगावं तर पोरीच्या डोळ्यांत ते आयुष्यभर राहणार, न सांगावं तर पोरगी तुटणार. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. तिनं सोडलं. भावकीतल्या दोघांना कल्पना होती, त्यांच्याकडून तिनं वचन घेतलं. राजनंदिनीला सांगितलं, डोक्याला मागनं मार बसला. तेराव्याला पोरगी पुण्याला गेली, जाताना एवढंच म्हणाली, "तुझ्या रीतीपायी मला माझा भाऊ दिसला नाही." त्यानंतर फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. कस्तुराबाईनं किती वेळा नागम्माला सांगायचं मनात आणलं आणि तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण ती मूठ तीन वर्षं झाकून ठेवायची तर बोटांना रग लागते.

यंदा माघात, एका सोमवारी दहाच्या सुमाराला, तिच्या फुलांच्या गाड्यासमोर कुणी तरी उभं राहिलं. कस्तुराबाई मान खाली घालून म्हणाली, "कितीचा देऊ?" आणि वर बघितलं. राजनंदिनी. केस कापलेले, डोळ्यांखाली काळं.

"एक शेवंती पाहिजे. पांढरी," ती म्हणाली. "देठासकट."

तीन वर्षांनी पोरीच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. आणि कस्तुराबाईकडं फुलांच्या चार पाट्या भरलेल्या, पण त्यात देठ असलेलं एक फूल नाही! हाराला देठ कशाला लागतो? तिच्याकडं येतात ती सगळी फुलं मानेपासून खुडलेली.

"उद्या देते की," ती घाईनं म्हणाली. "किती वाजता पायजे?"

"नऊला. पलीकडच्या हॉलमध्ये माझं प्रदर्शन आहे, तिथं." राजनंदिनीनं फुलांच्या पाट्यांकडं बघितलं. "तूच आण."

"जेवलीस का? कुटं उतरलीस?"

"लॉजवर," राजनंदिनी म्हणाली आणि गेली.

घर असताना पोरगी लॉजवर उतरली, हे कस्तुराबाईनं गिळलं. 'तूच आण' एवढंच तिनं दिवसभर चघळलं. नागम्मा म्हणाली, "अक्का, आज तू हारात फुलं उलटी ओवतीस." खरंच दोन उलटी गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती मंद्रूपला गेली. ऋतुराज गेल्यापासून त्या मळ्यात तिचं पाऊल पडलं नव्हतं, फुलं टेम्पोनं यायची. रेवणसिद्ध हसून म्हणाला, "एका फुलापायी तिकीट काढून आलासा व्हय?" एक म्हणता म्हणता तिनं अकरा कापली. त्यातलं कुठलं पसंत पडेल काय सांगावं! ओल्या फडक्यात गुंडाळून, लेकरू धरावं तशी छातीशी धरून ती परतली. वाटेत बाजारातून दिवसाची फुलं उचलली आणि पाटी डोक्यावर घेऊन तशीच हॉलवर गेली.

हॉल सांभाळणारा पंचाक्षरी दारात स्टुलावर बसला होता. त्यानं पाटी बघून म्हटलं, "मावशी, सत्कार हितं न्हाय, वरच्या मजल्यावर."

"माझ्या पोरीचं हाय हे," ती म्हणाली. हे म्हणताना तिला किती बरं वाटलं!

आत भिंतींवर फांद्यांच्या सावल्यांचे मोठे फोटो टांगले होते. मधोमध जमिनीवर काळ्या पत्र्याची उथळ परात होती, पुरुषभर लांब आणि हातभर रुंद, काठोकाठ पाण्यानं भरलेली. पायाकडच्या टोकाला कडब्याची दोन धाटं तिरपी उभी होती. पाण्याखाली बारीक खिळ्यांची जड चकती, तिच्यात ती रोवलेली. मधल्या भागात बाभळीची एक काटेरी फांदी. पुढं तरवडाची एक लांब डहाळी वाकून वरच्या टोकाकडं झुकलेली, आणि तिच्या शेंड्याखाली नुसतं पाणी. तोंडाएवढी गोल जागा, तिथं काही नाही.

कस्तुराबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माणूस उताणा झोपवला होता.

राजनंदिनीनं अकरा शेवंत्यांतून एक उचलली. ती निवडायला तिला पाव तास लागला. पानं खुडली, देठ पाण्यात बुडवून कात्रीनं तिरका कापला, आणि फूल छातीच्या जागी ठेवलं. मग मागं सरून बघितलं, पुन्हा जवळ गेली, दोन बोटं डावीकडं सरकवलं. कस्तुराबाई श्वास धरून बघत होती. तिच्या हाताखालून आजवर लाखो फुलं गेली असतील, पण एका फुलाला एवढा मान दिलेला तिनं बघितला नव्हता.

"आमच्या इकेबानाच्या बाई सांगायच्या, आधी जागा मांडायची आणि मग फुलं," राजनंदिनी म्हणाली. आवाज कोरडा होता, पण ती बोलत होती. "हा ऋतू आहे, आई. त्याचं तोंड मी शेवटचं बघितलं नाही, म्हणून ते मी केलं नाही. जागा सोडली. बघणाऱ्याच्या मनात जे गेलेलं माणूस असेल, त्याचं तोंड त्याला तिथं दिसेल. हे तीन वर्षं चाललंय माझं."

"लई चांगलं केलंस," कस्तुराबाई कशीबशी म्हणाली. तिचे डोळे त्या टोकाकडं जायला तयार नव्हते.

"पुण्याहून एक बाई यायच्या आहेत, मोठी गॅलरी आहे त्यांची. त्यांना आवडलं तर हे काम पुढं जाईल, दिल्लीला, आणखी कुठं." राजनंदिनीनं घड्याळ बघितलं. "मी स्टेशनवरून त्यांना घेऊन येते. तू बसशील का तोवर? कुणी हात लावू नये फक्त."

"बसते की. जा तू."

दारापर्यंत जाऊन राजनंदिनी वळली. "संध्याकाळी घरी येते जेवायला," ती म्हणाली. आणि आईला उत्तर द्यायला लागू नये म्हणून पटकन बाहेर पडली.

कस्तुराबाई खाली बसली. पदरानं डोळे पुसले. संध्याकाळी काय करायचं याचा विचार तिनं सुरू केला. भाकरी तर होतीच, पण पोरीला पुरणाची पोळी आवडायची. डाळ भिजत घालायला पाहिजे, नागम्माला निरोप धाडायला पाहिजे. पाटीत अर्धा ओवलेला हार होता, तो मांडीवर घेऊन ती ओवू लागली, कारण रिकाम्या हातानं बसणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं.

ओवता ओवता नजर गेलीच.

पंख्याच्या वाऱ्यानं पाणी हलत होतं. पत्र्याचा काळा तळ हलत होता. राजनंदिनीला वाटलं होतं, बघणाऱ्याला तिथं आपल्या माणसाचं तोंड दिसेल. लोकांना दिसलंही असतं, पण कस्तुराबाईला दिसलं ते दवाखान्यातलं. पोरीनं न बघता, काही ठाऊक नसताना, हुबेहूब तेच करून ठेवलं होतं. खांद्यापर्यंत माणूस आणि वर भोक. तिनं मान फिरवली, भिंतीवरच्या सावल्या बघितल्या, पंचाक्षरीला हाक मारावी म्हटलं तर तो चहाला गेलेला. पुन्हा बघितलं. तिचा ऋतू उघड्यावर पडला होता आणि आता गावातली माणसं येऊन त्याला बघणार होती.

पुढचं तिनं ठरवून केलं असं म्हणता येत नाही. हार मांडीवरून उतरला आणि पाण्यावर गेला. मग पाटीतल्या सुट्या शेवंत्या, ओंजळीनं. तरवडाची डहाळी मध्ये येत होती, ती बाजूला करायला गेली तर काडकन मोडली. ती तिनं खाली ठेवली आणि पुन्हा ओंजळ भरली. कडेकडेनं पांढरी, आत पिवळी, एकाला एक लागून, पाणी कुठं दिसतंय का बघत, दिसलं की बुजवत. कपाळ झाकलं, हनुवटीची जागा झाकली. पाटी संपत आली तेव्हा तिचा श्वास थाऱ्यावर आला.

पंचाक्षरी चहा पिऊन आला आणि दारातच थांबला. "हां, आता बरं दिसतंय बघा मावशी," तो मनापासून म्हणाला. "सकाळी मला कसं भुंडं भुंडं वाटत व्हतं."

ते वाक्य ऐकलं आणि कस्तुराबाई भानावर आली. तिनं मोडलेली डहाळी बघितली, आपले ओले हात बघितले. आपण काय करून बसलो हे तिला कळलं. फुलं काढावीत म्हणून ती वाकली, पण काढली की खाली ते भोक दिसणार होतं. हात पाण्यावर तसाच राहिला. तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

पुण्याच्या बाई पुढं होत्या, राजनंदिनी मागं. बाईंनी परातीकडं बघितलं, चष्मा वर केला, आणि सभ्यपणानं म्हणाल्या, "छान आहे. जरा पारंपरिक वाटतंय." मग त्या भिंतीवरचे फोटो बघायला गेल्या, आणि दोन मिनिटांत कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर.

राजनंदिनी ओरडली नाही. ओरडली असती तर कस्तुराबाईला सोसलं असतं. ती परातीशी गुडघे टेकून बसली आणि फुलं काढू लागली, एक एक. मग मोडकी डहाळी तिच्या हाताला लागली आणि ती थांबली.

"दुसरी डहाळी आणून देते," कस्तुराबाई म्हणाली. "आत्ता जाते. माळाला लई तरवड हाय."

"हीच शोधायला मला दोन महिने लागले, आई."

चूक किती मोठी आहे, ते कस्तुराबाईला त्या दोन महिन्यांवरून कळलं.

"दुसऱ्यांदा," राजनंदिनी हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्यांदा झाकलंस तू त्याला." ती आईकडं वळली. डोळे भरले होते, पण नजर हलत नव्हती. "खरं सांग मला. त्याच्या तोंडाला काही झालं होतं का? म्हणून झाकलंस का तेव्हा?"

तीन वर्षं कस्तुराबाई ज्याला भीत होती तो प्रश्न समोर येऊन बसला, आणि तोही किती सोपा होऊन! एक 'व्हय' म्हटलं की सगळं मिटणार होतं. आजचंही आणि तेव्हाचंही. पोरगी गळ्यात पडणार होती, संध्याकाळी जेवायला येणार होती, आई, एवढं एकटीनं का सोसलंस म्हणून रडणार होती. कस्तुराबाईला ते इतकं हवं होतं की तिचे ओठ हललेसुद्धा. पण समोर पोरीचे डोळे होते. त्या डोळ्यांत अजून हसणारा ऋतू होता, डोळे मिटून हसणारा. 'व्हय' म्हटलं की तिथं दुसरंच काही तरी जाऊन बसणार होतं आणि मरेपर्यंत उठणार नव्हतं. ते कसं बसतं, हे कस्तुराबाईइतकं कुणाला ठाऊक होतं?

"न्हाय गं," ती म्हणाली. "काय झालं न्हवतं. झोपल्यावानी व्हता. कपाळाला जरा खरचटलं व्हतं, हितं." तिनं स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून दाखवलं. "तोंड हसरंच व्हतं त्याचं."

राजनंदिनीचा चेहरा पळभर सैल झाला. तिनं मनात ते हसरं तोंड बघितलं, कस्तुराबाईला स्पष्ट दिसलं की तिनं बघितलं. मग तो चेहरा पुन्हा आवळला.

"मग का?" ती म्हणाली. "चांगला होता, तर मला का दाखवला नाहीस?"

"हात थांबला न्हाय," कस्तुराबाई म्हणाली. "सवय हाय हाताला. मला मोकळं बघवत न्हाय."

एवढ्या तीन वर्षांच्या रागाला एवढंच कारण निघावं, हे राजनंदिनीला पटवून घ्यायला वेळ लागला. मग ती उठली. पिशवीत कात्री टाकली, खांद्याला अडकवली.

"संध्याकाळी वाट बघू नकोस," ती म्हणाली. "मी रात्रीच्या गाडीनं जाते. हे सामान पंचाक्षरी टेम्पोनं पाठवतील."

कस्तुराबाई दारापर्यंत गेली. पुण्याच्या बाई रिक्षात बसल्या होत्या, राजनंदिनी त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं मागं बघितलं नाही. रिक्षा सात रस्त्याच्या गर्दीत शिरली. कस्तुराबाईला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. पोरगी गेली, आता ती कधी येईल याचा भरवसा नव्हता. पण जाताना भाऊ धडधाकट घेऊन गेली होती, भुवईवर जरासं खरचटलेला, हसऱ्या तोंडाचा.

मग ती आत आली आणि पंचाक्षरीला म्हणाली, "बादली हाय का हो? टेम्पो यायच्या आत परातीतलं पाणी काढायला पायजे."